वाटणी कुणाकुणात? विद्यापीठाचं जाळं आणि न्यायाचा प्रश्न

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला नेटवर्क आणि सर्व्हर या विषयावर बोलायला का बोलावलं, हा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला इथून दिसतोय. खुलासा करतो. नोकरीत असताना काही वर्षं मी संगणक सुविधा समितीचा सदस्य होतो. अशा समितीत मानव्यविद्येचा एक माणूस घ्यावा लागतो, म्हणून मला घेतलं होतं. बैठकीत स्विच, पोर्ट, रॅक असे शब्द चालायचे. पहिल्या दोन बैठका मी नुसत्या ऐकल्या. तिसऱ्या बैठकीत लक्षात आलं की हा विषय तर आपल्या ओळखीचा आहे. वस्तू मर्यादित, मागणारे पुष्कळ, आणि कुणाला किती द्यायचं ते ठरवायचंय. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या पाचव्या भागात ज्याला वाटपाचा न्याय म्हटलं, तोच हा प्रश्न. फक्त समितीत त्याला ‘बँडविड्थचं नियोजन’ म्हणत होते.

आता एक सोपं उदाहरण घेऊ. समजा तीन जणांत मिळून १०० मेगाबिटची एक वाट आहे. पहिल्याला १० हवेत, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २००. कसं वाटाल? कुणी म्हणेल, मागणीच्या प्रमाणात द्या. तसं केलं तर पहिल्याला ४ पेक्षा थोडे जास्त मिळतात, तिसऱ्याला ८३. म्हणजे ज्याने जास्त मागितलं त्याला बक्षीस. उद्या सगळेच दोनशे मागतील. कुणी म्हणेल, सारखे तीन भाग करा. पण मग पहिल्याला तेहतीस देऊन त्यातले तेवीस वायाच जाणार.

नेटवर्कवाल्यांनी यावर एक तोडगा काढलेला आहे. ज्याची गरज सगळ्यांत लहान, त्याची आधी पुरी करायची. पहिल्याला १० दिले, ९० उरले. ते दोघांत सारखे वाटले तर ४५ येतात. दुसऱ्याला ३०च पुरतात, ते दिले. उरलेले ६० तिसऱ्याला. वाया काही गेलं नाही, आणि कमी मागणारा उपाशी राहिला नाही. याला ते ‘मॅक्स-मिन फेअरनेस’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या वाट्याला सर्वांत कमी येतं त्याचा वाटा होईल तितका मोठा करायचा. जॉन रॉल्सचा १९७१चा न्यायावरचा ग्रंथ ज्यांनी वाचलाय त्यांना यात ओळखीचं काही दिसेल. अभियंत्यांनी रॉल्स वाचला होता असं मी म्हणत नाही. पण प्रश्न तोच असला की शहाणी माणसं त्याच गल्लीत येऊन पोचतात.

इथपर्यंत सोपं आहे. खरी मेख पुढे आहे. मी ‘तीन जण’ म्हणालो. यंत्राला जण दिसतात का? यंत्राला दिसतात जोडण्या. विशेष काही व्यवस्था केली नाही तर गर्दीच्या वाटेवर साधारणपणे दर जोडणीला सारखा वाटा मिळतो, दर माणसाला नाही. एका वेळी दहा जोडण्या उघडून सिनेमा उतरवून घेणारं एखादं सॉफ्टवेअर एकाने लावलं, आणि बाकीच्या दहा मुली एकेका जोडणीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतायत, तर वीस जोडण्यांपैकी दहा त्या एकट्याच्या. अर्धी वाट त्याची. बाकी अर्धीत दहा जणी. यात कुणी नियम मोडलेला नाही, बरं का! यंत्र त्याच्या परीने समानताच पाळतंय.

म्हणून वाटणी किती हे ठरवण्याआधी वाटणी कुणाकुणात, हे ठरवायला लागतं. जोडणीला वाटा द्यायचा, उपकरणाला, माणसाला, की विभागाला? उपकरणाला दिला तर प्राध्यापकाकडे टेबलावरचा संगणक, लॅपटॉप, टॅब आणि फोन असे चार वाटे, आणि वसतिगृहातल्या मुलाकडे एक फोन. विभागाला दिला तर बारा विद्यार्थ्यांचा एक विभाग आणि चारशेंचा दुसरा, दोघांना सारखंच. माणसाला द्यायचा तर प्रत्येकाने स्वतःच्या नावाने आत यायला हवं, म्हणजे ओळख तपासायची व्यवस्था हवी, म्हणजे कोण कधी काय वापरतंय याची नोंद होणार, आणि ती नोंद कुणी बघायची हा पुन्हा वेगळा प्रश्न. यातलं काहीही निवडा. पण निवडलं नाही, तर खोक्यात कारखान्यातून जे ठरून आलंय ते लागू होतं. मला बैठकीत सांगण्यात आलं होतं, ‘सर, ही तांत्रिक बाब आहे, डिफॉल्टला ठेवू.’ ठेवा की. पण तो निर्णय आहे एवढं इतिवृत्तात लिहा, इतकंच माझं म्हणणं होतं.

आपल्याकडे खानदेशात, पांझरेसारख्या नद्यांवर, फड पद्धत होती. थोडी अजूनही आहे. बंधारा, त्यातून निघालेला कालवा, आणि त्याखालच्या जमिनीचे फड. एका फडात साधारण एकच पीक, म्हणजे पाण्याची मागणी सारखी. पाणी सोडायला पाटकरी नेमलेला. शेतकऱ्याने स्वतः पाट फोडायचा नाही. या पद्धतीचं गुणगान करायला मी उभा नाही, ज्याला जमीनच नव्हती त्याला त्यात पाणीही नव्हतं. पण वाटा कशाला, पिकाला की माणसाला की जमिनीला, हे पाणी सोडायच्या आधी बोलून ठरलेलं असायचं. आणि शेवटच्या शेताला पाणी पोचलं का, हे बघणारा एक माणूस असायचा.

विद्यापीठाच्या बाबतीत हे आधी बोलून ठरवल्याचं एक चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचं. तिथले जॉन केमेनी मूळचे बुडापेस्टचे, गणितज्ञ. तरुणपणी आइन्स्टाइनचे साहाय्यक होते, आणि विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावर त्यांचं पुस्तक आहे, म्हणून मला त्यांच्याबद्दल थोडा आपलेपणा. त्या काळी संगणक म्हणजे कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तरासाठी ताटकळायचं. केमेनी आणि टॉमस कर्ट्‌झ यांनी म्हटलं, संगणक ग्रंथालयासारखा असावा. कपाटं उघडी, विद्यार्थ्याने आत जावं, हवं ते घ्यावं, का हवंय ते कुणी विचारू नये. १ मे १९६४ला पहाटे त्यांची प्रणाली चालली. एकाच यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत कापून अनेकांना द्यायचा, आणि लहान कामं चटकन उरकायची. बेसिक ही भाषा त्याच खटपटीतली. तिथे पहिला मान विद्यार्थ्याच्या लहान कामाला होता. हे तंत्रातून आपोआप आलेलं नाही. त्यांनी तसं ठरवलं, मग तंत्र त्याला जुळवलं.

आता गर्दीकडे वळतो. प्रस्तावात नेहमी लिहिलेलं असतं, ‘सरासरी वापर तीस टक्के, क्षमता पुरेशी.’ हे वाक्य दिसलं की सावध व्हा. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे गणिती होते, त्यांनी १९०९पासून या रांगांचं गणित मांडलं. त्याचं अगदी साधं रूप असं: माणसं आपापल्या वेळी, अनियमित येतात असं धरलं, तर वाट अर्धी भरलेली असताना काम व्हायला रिकाम्या वाटेच्या दुप्पट वेळ लागतो. ऐंशी टक्के भरली की पाचपट. नव्वदला दहापट. पंच्याण्णवला वीसपट. म्हणजे शेवटच्या पाच टक्क्यांत सगळं कोसळतं. वर्षाची सरासरी तीस टक्केच असेल, पण परीक्षेचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ती पंच्याण्णव असते, आणि नेमक्या त्याच दिवशी विद्यार्थ्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. मे महिन्यात रिकामं जाळं सुसाट चालतं, त्याचा त्याला काय उपयोग? यावर मोठी यंत्रं घेणं हा एक उपाय. दुसरा उपाय बिनपैशाचा: विद्याशाखांच्या शेवटच्या तारखा वेगवेगळ्या ठेवा. हा दुसरा उपाय परीक्षा विभागाच्या हातात असतो, आणि संगणक समितीत परीक्षा विभागाचा माणूस बहुधा नसतो.

आता शेवटच्या शेताची गोष्ट सांगतो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. आवाराच्या एका टोकाला मुलींचं वसतिगृह. तिथपर्यंत स्वतंत्र फायबर टाकायची ती ‘पुढच्या टप्प्यात’ ठेवली, आणि तोवर वाटेतल्या तीन इमारतींतून एकीतून दुसरीत अशी जोडणी ओढत नेली. त्यातली प्रत्येक इमारत वर्षातले नव्व्याण्णव टक्के वेळ चालू असते असं धरा. ऐकायला बरं वाटतं. पण तिन्ही एकाच वेळी चालू असल्या तरच वसतिगृह चालू. गुणाकार करा, सत्त्याण्णव टक्के येतात. म्हणजे वर्षात जवळजवळ अकरा दिवस बंद. संध्याकाळी सहाला मधल्या इमारतीचा शिपाई मेन स्विच बंद करून घरी जायचा, ते यात धरलेलंच नाही! मुली अर्ज भरायला गावातल्या सायबर कॅफेत जायच्या आणि फाटक बंद व्हायच्या आत धापा टाकत परत यायच्या. मुख्य इमारतीतल्या फलकावर मात्र वेग उत्तम.

म्हणून आखणीत माझ्या मते सर्वांत जास्त विचार चरावर करावा. तांब्याची वायर शंभर मीटरपर्यंतच धड चालते, त्यामुळे इमारती-इमारतींमध्ये फायबर लागते. शिवाय फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे पावसाळ्यात वीज पडली तर एका इमारतीचा झटका दुसरीत जात नाही. सर्व्हर पाच-सात वर्षांत जुना होतो, स्विच थोडा जास्त टिकतो, फायबर वीस वर्षं सहज, आणि चर आणि पाइप त्याहून जास्त. खर्च खोदण्याचा असतो, म्हणून चार धागे लागत असतील तर चोवीस टाकून ठेवा. आणि दुसरी वाट राखीव म्हणून टाकाल ती त्याच चरात टाकू नका. जेसीबी आला की दोन्ही एकदम तुटतात.

सर्व्हर खोलीबद्दल थोडक्यात. सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढी सगळी उष्णता म्हणून बाहेर टाकतो. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता ओढतो, त्यावरून हिशोब करा. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी यंत्रं यूपीएसवर असतात आणि एसी नसतो. वीज गेली की सर्व्हर चालू आणि खोलीची भट्टी. एसी जनरेटरवर आहे का, हे स्वतः जाऊन बघा, कागदावर विश्वास ठेवू नका.

आणि दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात म्हणजे माहिती सुरक्षित, हा समज सोडा. ती सोय एक डिस्क बिघडली तर काम चालू राहावं यासाठी असते. कुणी चुकून फाइल पुसली तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक आवाराबाहेर, असा जुना जाणता नियम आहे. त्यात मी एक जोडेन: सहा महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून एखादी फाइल खरोखर परत आणून बघा. पीएचडीच्या विद्यार्थ्याची चार वर्षं त्या डिस्कवर असतात.

(प्रश्नोत्तरांतून)

एकाने विचारलंय की हे सगळं क्लाउडवर टाकलं तर ही कटकटच संपेल का? थोडी संपेल. सर्व्हर खोली लहान होईल, एसीचा घोर जाईल. पण अनुदान यंत्रखरेदीला एकदा मिळतं आणि क्लाउडचं बिल दर महिन्याला येतं. ते कोणत्या शीर्षकाखाली टाकायचं हे वित्त अधिकाऱ्यांना आधी विचारा. माहिती बाहेर काढायलाही बरेचदा पैसे पडतात, तेही करारात वाचा. आणि क्लाउड आला तरी फाटकापासून खोलीपर्यंतची वाट आपलीच राहते. नॅशनल नॉलेज नेटवर्कमुळे २०१०नंतर अनेक विद्यापीठांच्या फाटकापर्यंत गिगाबिट आला. फाटकाच्या आत तो कुणाला किती, हे दिल्लीहून ठरत नाही.

दुसरा प्रश्न, मोजायचं कसं? टोकावरून मोजा. सर्व्हर खोलीत बसून मोजलेला वेग कामाचा नाही. प्रत्येक वसतिगृहाच्या शेवटच्या खोलीजवळ एक जुना संगणक ठेवा, दर दहा मिनिटांनी तो वेगाची नोंद करेल एवढं कुठलाही तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी करून देतो. रात्री नऊ ते अकराचे आकडे वेगळे काढा आणि महिन्याच्या महिन्याला समितीपुढे ठेवा. आणि त्या बैठकीला वसतिगृहातली एक विद्यार्थिनी सदस्य म्हणून असू द्या. निमंत्रित नव्हे, सदस्य. मत द्यायचा अधिकार असलेली.