मुलांना वस्तूंच्या जोड्या लावायला कसे शिकवावे?

"मुलगा तीन वर्षांचा झाला, अजून रंग ओळखत नाही. काही दोष तर नसेल ना?" हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. बहुतेक वेळा काळजीचे कारण नसते. रंगाचे नाव सांगणे ही पुढची पायरी आहे. त्याआधी मूल सारख्या वस्तू एकत्र ठेवायला शिकते.

साधारण कोणत्या वयात काय येते?

• २ वर्षे: रंग आणि आकार वेगळे करण्याची सुरुवात
• ३ वर्षे: रंग किंवा आकार, अशा एकाच गुणावरून गट करणे
• ४ ते ५ वर्षे: फळे-भाज्या, प्राणी-पक्षी असे प्रकारावरून गट करणे

प्रत्येक मुलाचा वेग थोडा वेगळा असतो.

घरी कसे शिकवावे?

महागडी खेळणी लागत नाहीत. वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या शोधायला सांगा. चमचे एकीकडे, वाट्या दुसरीकडे. कांदे या टोपलीत, बटाटे त्या टोपलीत. सुरुवातीला दोनच गट ठेवा, आधी स्वतः करून दाखवा. पाच-दहा मिनिटे पुरेत.

मुलाने टोमॅटो सफरचंदाजवळ ठेवला तर लगेच "चुकलं" म्हणू नका. "इथे का ठेवलास?" असे विचारा. कदाचित त्याने दोन्ही लाल म्हणून एकत्र ठेवले असतील, म्हणजे त्याने विचार केला आहे.

ही काळजी घ्या

लहान मुलांना राजमा, शेंगदाणे, मणी किंवा बटणे खेळायला देऊ नका. ती नाकात, कानात किंवा श्वासनलिकेत अडकू शकतात. खेळताना अचानक ठसका लागला व श्वास घरघरू लागला, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. घड्याळाचा किंवा रिमोटचा गोल सेल गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. वाट पाहू नका.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

• तीन वर्षांनंतरही साध्या जोड्या लावता येत नाहीत आणि बोलणेही मागे आहे
• हाक मारल्यावर मूल प्रतिसाद देत नाही
• आधी येणाऱ्या गोष्टी येईनाशा झाल्या
• बाकी सर्व ठीक, पण लाल-हिरव्यात सतत गोंधळ होतो (रंगांधळेपणा मुलग्यांत अधिक आढळतो)

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत मुलांची मोफत तपासणी करते. तेथे आपली शंका जरूर सांगा. विकासातील विलंब जितका लवकर लक्षात येईल, तितका उपचारांचा फायदा जास्त होतो.