विश्लेषण : बचावपटू गोल करायला पुढे का जातो?

राहुल भेके हा मुंबईकर बचावपटू. काम गोल अडवण्याचे, पण तो लक्षात राहिला दोन गोलांमुळे.

कोणते दोन गोल?

१७ मार्च २०१९ रोजी मुंबईत आयएसएलची अंतिम लढत जादा वेळेतही गोलशून्य होती. शेवटची काही मिनिटे उरली असताना कॉर्नरवर भेकेने हेडर मारला आणि एफसी गोवाला हरवून बेंगळूरु एफसी प्रथमच विजेता ठरला. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्धही त्याच्याच हेडरने मुंबई सिटीला २-१ असा विजय मिळाला. एएफसी चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा हा पहिला विजय.

बचावपटूच का?

उंच चेंडू डोक्याने परतवणे हा त्याचा रोजचा सराव. कॉर्नरला खेळ थांबतो, पुढे जायला वेळ मिळतो. इटलीच्या मार्को मातेराझीने २००६च्या विश्वचषक अंतिम सामन्यात अशीच बरोबरी साधली होती. मात्र चेंडू निसटला तर मागे जागा मोकळी सापडते. म्हणून एक-दोघे मागेच थांबतात.

फळ कधी मिळाले?

उशिरा. भारताकडून पदार्पण जून २०१९ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. ४ मे २०२४ रोजी त्याच्या नेतृत्वाखाली मुंबई सिटीने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून करंडक जिंकला. त्या दिवशी त्याचा गोल नव्हता. यवतमाळ, पुसद, वणीच्या शालेय संघांत मागे उभे केले म्हणून हिरमुसणाऱ्या मुलांसाठी हा हिशेब महत्त्वाचा आहे.