घरचा मोनोफिन: आधी सुटका, मग शेपटी
मंडळी, अक्कलकुव्यात पाण्याचा विषय निघाला की मणिबेली आठवतंच. सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडालेलं आपल्याच तालुक्यातलं गाव. पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, उथळ काठ गेला, खोल पाणी आलं. म्हणून मत्स्यकन्येची शेपटी, म्हणजे मोनोफिन, घरी करताना आपण आधी सुटकेचं बघू.

लवचीक प्लास्टिकचा पत्रा कापायचा. पावलांकडे त्यावर दुसरा आखूड तुकडा जोडायचा. का? मुळाशी ताठ आणि टोकाला वाकता असेल, तरच तो पाणी मागे रेटतो. वर जुन्या फिनांचे रबरी बूट शेजारी-शेजारी बसवायचे.

गाठ मात्र नको! दोन्ही पाय अडकलेले असतात. एका हाताच्या ओढीत ते सुटले पाहिजेत. आधी जमिनीवर, मग कमरेएवढ्या पाण्यात, पट्टीचा पोहणारा शेजारी ठेवून बघू. धरणात? नाहीच.