बेल्ट लावलाय, पण कशाला?

पावसाळा संपला की डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत दोन विषय निघतात: गळती आणि रंगकाम. यंदा दोन्ही एकदम निघाले. बाबा कमिटीवर असल्यामुळे रोजच्या व्हिडिओ कॉलवर मला सात मजली इमारतीच्या बाहेरच्या भिंतीचं थेट प्रक्षेपण मिळू लागलं. एक दिवस (माझी सकाळ, त्यांची संध्याकाळ) त्यांनी कॅमेरा वर केला. पाचव्या मजल्याच्या उंचीवर एक रंगारी दोराला टांगलेल्या फळीवर बसून भिंतीच्या भेगा भरत होता.

"बाबा, त्याला काही सेफ्टी आहे का?"

"अगं, बेल्ट लावलाय की! करारातच लिहून घेतलंय आम्ही."

बेल्ट होता, हे खरंच. नुसता कमरेचा पट्टा नव्हे, तर खांदे, छाती आणि मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस. मी झूम करून फोटो पाठवायला सांगितला. फोटोत दिसलं ते असं: हार्नेसच्या पाठीवरच्या कडीतून निघालेला दोर त्या फळीच्याच दोराला हुकाने अडकवलेला होता. म्हणजे फळीचा दोर तुटला असता, तर माणूस, फळी, डबा आणि बेल्ट असे सगळे मिळून खाली आले असते.

मला हे चटकन दिसलं कारण मी स्वतः हार्नेस घालते. माझं संशोधन जंगल आणि हवा यांच्यातल्या कार्बन डायऑक्साइडच्या देवाणघेवाणीवर आहे. त्यासाठी झाडांच्या शेंड्यांच्याही वर, ३० मीटरच्या मनोऱ्यावर वाऱ्याचा वेग सेकंदाला १० वेळा मोजणारी यंत्रं लावलेली असतात. त्यांच्यावर बर्फ साचतो, कोळी जाळी विणतात, आणि मग कुणाला तरी वर चढावं लागतं. पीएचडीच्या वेळी मला वाटलं होतं की अवघड भाग समीकरणांचा असेल. तुमच्यापैकी बहुतेकांना मनोऱ्यावर चढावं लागणार नाही. पण तुमचे आईवडील अशाच एखाद्या सोसायटीत राहत असतील, आणि रंगकामाच्या करारावर सही करणारे तेच असतील. म्हणून हा लेख.

सुरुवात पडण्यापासून करू. हार्नेस माणसाला पडू देत नाही, हा गैरसमज आहे. हार्नेस पडलेल्या माणसाला थांबवतो, आणि सगळी मेख त्या थांबवण्यात आहे. समजा, दोर १.८ मीटर, म्हणजे सहा फूट लांब आहे आणि तो ताणला जाण्याआधी माणूस तेवढाच खाली येतो. याला लागतात ०.६ सेकंद. "अरे!" म्हणायलाही तेवढा वेळ पुरत नाही. त्या क्षणी वेग असतो ताशी सुमारे २१ किलोमीटर. आता हा वेग शून्यावर आणायचा. हत्यारं धरून माणसाचं वजन १०० किलो मानू. जर दोर जवळजवळ न ताणणारा असेल आणि माणूस १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्या शरीरावर येणारा सरासरी जोर निघतो जवळपास १,९०० किलो वजनाइतका. एखादी मोटार अंगावर टांगल्यासारखा. तोच माणूस एका मीटरमध्ये थांबला तर जोर उतरतो २८० किलोवर. नववीच्या पुस्तकातलंच गणित आहे: ऊर्जा तेवढीच, पण ती खर्च करायला अंतर दहापट मिळालं.

हे जास्तीचं अंतर देण्यासाठी दोराच्या एका टोकाला एक जाडसर पाकीट असतं, त्याला एनर्जी ॲब्सॉर्बर म्हणतात. आत घडी घालून शिवलेली पट्टी असते. झटका बसला की शिवण टराटरा उसवत जाते आणि त्या उसवण्यात पडण्याची ऊर्जा खर्ची पडते. इतकी साधी आणि हुशार कल्पना आहे की पहिल्यांदा बघितल्यावर मला हसूच आलं. युरोपातल्या मानकानुसार या पाकिटाने जोर ६ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण ६१० किलो वजनाच्या आत ठेवायचा असतो. अमेरिकेत कमाल मर्यादा ८ किलोन्यूटन आहे. पाकीट एकदा उसवलं की ते आणि त्यासोबतचा हार्नेस दोन्ही बाद. "थोडंच उसवलंय" असं काही नसतं.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ही पाकिटं बहुधा १०० किलोचा माणूस डोळ्यांसमोर ठेवून बनवतात. आपल्याकडचे रंगारी, गवंडी अनेकदा ५०-५५ किलोचे असतात. पाकीट ज्या जोराला उसवतं तो जोर ठरलेला असतो. तोच जोर अर्ध्या वजनाच्या माणसावर आला की त्याला बसणारा झटका दुप्पट होतो. बारीक माणसाला कमी धोका, असं इथे नाही.

मग कमरेचा पट्टा का चालत नाही? कारण तो हा सगळा जोर पोटावर आणि कण्याच्या एकाच जागी देतो, आणि माणूस उलटा झाला तर त्यातून निसटूही शकतो. अमेरिकेत बांधकामावर पडणाऱ्याला थांबवण्यासाठी कमरपट्टा वापरायला १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. पूर्ण हार्नेस तो जोर मांड्या, कूल्हे, छाती आणि खांदे यांत वाटून देतो. पण तो नीट बसलेला हवा. मांडीच्या पट्ट्याखाली सपाट पंजा जावा, मूठ जाऊ नये. पाठीवरची कडी दोन खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये यायला हवी. छातीचा पट्टा छातीच्या मध्यावर हवा. माझ्या पहिल्या प्रशिक्षणात मी खांद्यांचे पट्टे सैल ठेवले होते, कारण थंडीचं जॅकेट आत मावत नव्हतं. प्रशिक्षकाने मला छताच्या हुकाला टांगलं, आणि छातीचा पट्टा सरकत थेट गळ्यापाशी आला. त्यांनी काही न बोलता मला खाली उतरवलं. त्यानंतर मी पट्टे कधी सैल ठेवले नाहीत.

आता "कशाला बांधलाय" हा प्रश्न. अमेरिकेच्या नियमात एका माणसामागे आधाराची ताकद ५,००० पौंड, म्हणजे साधारण २,२७० किलो धरतात. खिडकीचं ग्रिल प्लास्टरमधल्या चार स्क्रूंवर उभं असतं. गच्चीवरचा पाण्याचा पाइप प्लास्टिकचा असतो. टाकीचा नळ, डिश अँटेनाचा खांब, कठड्याची रेलिंग यांतलं काहीही या परीक्षेत पास होईल यावर मी पैज लावणार नाही. आधार म्हणजे काँक्रीटचा कॉलम किंवा त्याच कामासाठी बसवलेली कडी, आणि तेही इंजिनियरने बघून सांगितल्यावर. शिवाय कामाचा दोर आणि जिवाचा दोर वेगवेगळे हवेत, वेगवेगळ्या आधारांना बांधलेले. आमच्या रंगाऱ्याच्या बाबतीत नेमकं हेच चुकलं होतं. दुसरा दोर गच्चीवरून सरळ खाली सोडतात. त्यावर एक पकड असते, ती माणसाबरोबर वरखाली सरकते आणि झटका बसला की दोर घट्ट धरते. कठड्याच्या धारेवर दोर जिथे टेकतो तिथे खाली जाड गोणपाट किंवा रबर हवं. ताणलेला दोर सिमेंटच्या कोपऱ्यावर घासला की करवतीखाली ठेवल्यासारखा कापला जातो.

आधार कुठल्या उंचीवर आहे, यानेही बराच फरक पडतो. हल्ली बऱ्याच दहीहंड्यांत सगळ्यात वरच्या गोविंदाला वरून दोर लावलेला असतो. थर कोसळला तरी ते पोर जागच्या जागी लोंबकळतं. दोर आधीच ताठ असल्यामुळे ते जवळजवळ पडतच नाही. याउलट हूक पायाशी अडकवला तर पाठीच्या कडीपासून पायापर्यंतचे दीड मीटर आणि खालचा १.८ मीटर दोर मिळून माणूस सव्वातीन मीटर मोकळा पडतो. सगळीच पाकिटं एवढ्यासाठी बनवलेली नसतात.

आणि खाली जागा किती आहे, हे कुणी मोजतं का? १.८ मीटर दोर, उसवलेल्या पाकिटाचा आणखी १.१ मीटर, पाठीच्या कडीपासून तळपायापर्यंत दीड मीटर, हार्नेसच्या ताणाचे ३० सेंटिमीटर. वर अर्धा-एक मीटर हाताशी ठेवायचा. आधारापासून खाली साडेपाच मीटरच्या आसपास मोकळी जागा हवी. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीच्या रेलिंगला असा दोर बांधणारा माणूस दोराने पूर्ण थांबवण्याआधीच जमिनीवर आपटू शकतो. गंमत अशी की सातव्या मजल्यावरच्या माणसाला आपण "जपून रे" म्हणतो आणि पहिल्या मजल्यावरच्याला काहीच म्हणत नाही. आडवं सरकून कोपरा रंगवणाऱ्याचा प्रश्न वेगळा: तो पडला तर लंबकासारखा झुलतो आणि वाटेतल्या छज्जावर आपटतो. आपटण्याचा वेग तेवढ्याच उंचीवरून सरळ पडल्याइतकाच असतो.

समजा, सगळं बरोबर जमलं. दोर टिकला, पाकीट उसवलं, माणूस चौथ्या मजल्यापाशी लटकतोय, खरचटण्यापलीकडे काही नाही. बघणारे टाळ्या वाजवतील. वैद्यकीयदृष्ट्या मात्र घड्याळ इथून सुरू होतं.

उभं असताना पायांतलं रक्त वर ढकलायला पोटऱ्यांचे स्नायू मदत करतात. निश्चल लटकलेल्या माणसाचे स्नायू ढिले पडतात आणि रक्त पायांत साठतं. एरवी मेंदूला रक्त कमी पडलं की आपल्याला घेरी येते, आपण आडवे पडतो आणि आडवं पडल्यामुळेच शुद्धीवर येतो. संचलनात ताटकळलेला सैनिक कोसळतो आणि दोन मिनिटांत उठून बसतो, तो यामुळेच. हार्नेसमधल्या माणसाला आडवं पडता येत नाही. शरीराचा जुना इलाज तिथे चालत नाही. गेल्या काही वर्षांत निरोगी स्वयंसेवकांना लटकवून केलेल्या प्रयोगांत दिसलं की पायांत साठलेलं रक्त ही पूर्ण गोष्ट नाही. काहींच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब एकाएकी उतरतात. कुणाचे आणि कधी, ते आधी सांगता येत नाही. मला टांगलं होतं तेव्हा तीन-चार मिनिटांत मांड्यांना मुंग्या आल्या आणि मी बडबड करायची थांबले. प्रशिक्षक लगेच म्हणाले, "पाय हलव." शुद्धीवर असलेल्या माणसाने लटकताना हेच करायचं: पाय हलवत राहायचे, भिंत पायाखाली येत असेल तर तिला रेटायचं, हार्नेसला पाय टेकवायचा फास असेल तर त्यात उभं राहायचं.

खाली उतरवल्यावर काय करायचं, यावर एक जुना सल्ला अजून फिरतो: त्याला आडवं करू नका, अर्धा तास बसवून ठेवा, नाहीतर साठलेलं रक्त एकदम हृदयाकडे जाऊन जीव जाईल. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हसाठी २००९ मध्ये झालेल्या आढाव्यात याला कुठलाही पुरावा सापडला नाही. नेहमीचा प्रथमोपचारच करायचा: आडवं झोपवायचं, श्वास बघायचा, मदत बोलवायची. बेशुद्ध माणसाला बसवून ठेवणं हेच घातक आहे.

पण त्याला उतरवणार कोण? "फायर ब्रिगेडला फोन करू" ही योजना नव्हे. फोन करायचाच, पण गाडी डोंबिवलीच्या संध्याकाळच्या रहदारीतून येईपर्यंत खेळ मिनिटांचा असतो. वर आणखी एक माणूस हवा, त्याच्याकडे सोडवण्याचा दोर हवा, आणि हे त्यांनी एकदा तरी करून बघितलेलं हवं.

बाबांना मी हे सगळं दोन कॉलमध्ये सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाकीचं ठेकेदाराशी बोलतो. पण गच्चीला कुलूप असतं. चावी सेक्रेटरींकडे, आणि ते नऊला ऑफिसला जातात."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

ठेकेदाराने आधी कुरकुर केली. वेगळा दोर म्हणजे वेगळा खर्च, आणि दर वेळी जागा बदलताना अर्धा तास जास्त. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. सगळ्यात कमी भावाच्या कोटेशनला काम देणारी कमिटीच असते, आणि त्या भावात दुसरा दोर बसत नाही. शेवटी सोसायटीने दोराचे आणि पकडीचे पैसे वेगळे द्यायचं कबूल केलं. इंजिनियरने येऊन लिफ्टरूमचे दोन कॉलम दाखवले. हार्नेसची लेबलं बाबांनी स्वतः चष्मा लावून वाचली. आयएस ३५२१ किंवा युरोपचं ईएन ३६१ असं काही लिहिलंय का, एवढंच मी त्यांना बघायला सांगितलं होतं. एकावर लेबलच नव्हतं आणि त्याच्या पट्ट्यांवर वाळलेला रंग इतका होता की खालचे धागे दिसत नव्हते. तो बदलून घेतला. धागे दिसत नसतील तर ते कापले गेलेत का, उन्हाने कडक झालेत का, हे कळायला मार्ग नसतो.

परवा नवा फोटो आला. दोन दोर, दोन कॉलम, कठड्यावर गोणपाटाची जाड घडी. रंगारी कॅमेऱ्याकडे बघतही नव्हता, त्याचं लक्ष भेगेत होतं. खाली बाबांचा मेसेज: "चावी आता वॉचमनकडे असते. दुसरी आपल्या घरी, फ्रीजवर."