सुरळीतील अळी

कोकणात भाताची लावणी होऊन थोडे दिवस गेले, की खाचरातल्या पाण्यावर पानांच्या बारीक सुरळ्या तरंगताना दिसतात. आपण त्यांना कचरा समजतो. पण एखादी सुरळी उचलून अलगद उसवली, तर आत फिकट हिरवी, जवळजवळ पारदर्शक अळी सापडते.

तिचा पतंग अगदी लहान असतो. पंख पसरून मोजले तरी दीड सेंटिमीटरच्या आसपास भरतात. रंग पांढरा, त्यावर तपकिरी-काळसर ठिपके. दिवसा तो भातात दडून बसतो, रात्री दिव्यावर येतो. मादी पाण्यावर टेकलेल्या पानांच्या खालच्या बाजूला अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी आधी पान खरवडते आणि दोनेक दिवसांत घर बांधायला घेते. पानाचे टोक कुरतडायचे, वळलेल्या कडा लाळेच्या रेशमाने जोडायच्या आणि नळी कापून मोकळी करायची. कात्रीने छाटल्यासारखी पाने ही तिची खूण.

बहुतेक पतंगांच्या अळ्या अंगावरच्या छिद्रांतून हवा घेतात. या अळीच्या दोन्ही बाजूंना मात्र फाटे फुटलेल्या तंतूंची झालर असते. हे तिचे कल्ले. माशाच्या कल्ल्यात रक्त खेळते. येथे तंतूंत हवेच्या सूक्ष्म नळ्या असतात आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन पातळ त्वचेतून त्यांत शिरतो. सुरळीत पाणी धरून अळी रोपावर चढते. सुरळी म्हणजे तिने बरोबर घेतलेले डबकेच! पुढे ती सुरळी बुंध्याला चिकटवते आणि आतच कोषात जाते.

जुन्या पुस्तकांत हिचे नाव निम्फुला डिपंक्टॅलिस असे आढळेल. आता पॅरापॉइन्क्स स्टॅग्नॅलिस म्हणतात. लॅटिनमध्ये ‘स्टॅग्नम’ म्हणजे साचलेले पाणी.

हे श्वसन कळले, की शेतकऱ्यांचा उपायही कळतो. दोघेजण दोराची टोके धरून तो पिकावरून ओढतात. सुरळ्या पाण्यात पडतात. मग खाचरातले पाणी काढून दोन-तीन दिवस जमीन कोरडी ठेवतात. कोवळे पीक पुष्कळदा नव्या फुटव्यांनी सावरते, त्यामुळे फवारणीची घाई करू नये असे आम्हांला वाटते. पाणी सोडताना वाटेवर जाळी मात्र लावावी, नाहीतर आपल्या सुरळ्या शेजाऱ्याच्या खाचरात जातात.

वर्गात दाखवायचे असेल, तर दोन-चार सुरळ्या खाचरातल्याच पाण्यासह पांढऱ्या बशीत ठेवाव्यात. एक उसवून अळी पाण्यातच राहू द्यावी. साध्या भिंगातूनही झालर दिसते.