‘जखमींवर उपचार सुरू आहेत’

अपघाताची बातमी वाचताना आपण सारे आधी मृतांचा आकडा पाहतो. तो मोठ्या अक्षरांत असतो. बातमीच्या अगदी शेवटी एक ओळ असते : ‘जखमींवर उपचार सुरू आहेत.’ एवढे छापले की वर्तमानपत्राचे काम संपते आणि आमचे सुरू होते. त्या एका ओळीच्या आत काय चालते, ते नव्याने रुजू झालेल्या एका परिचारिकेच्या नजरेने वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी मूळची जळगावकडची. शिक्षणही तिकडेच झाले. नोकरी लागली ती धुळ्याच्या एका रुग्णालयात, अपघातग्रस्तांच्या विभागात. हा विभाग कधी रिकामा राहत नाही, याचे कारण नकाशात आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. दुसरा पारोळा, एरंडोल करीत पुढे जळगावला जातो. केळी, कापूस, गुजरातचा माल आणि दिवाळी संपताच ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे, सारे याच रस्त्यांवरून धावते. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेरला एक भरधाव कंटेनर वाटेतल्या वाहनांना उडवून थेट हॉटेलात घुसला. किमान १० माणसे गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि वर बसलेले पंधराएक मजूर मरण पावले. दोन्ही बातम्यांत जखमी होतेच. त्यांचे पुढे काय झाले, हे वाचल्याचे किती जणांना आठवते?

अशा जखमींपैकी जे अत्यवस्थ असतात त्यांना अतिदक्षता विभागात ठेवतात. तेथे एकेका रुग्णापाशी यंत्रे असतात, परिचारिका जवळजवळ खाटेला बांधलेली असते. प्रकृती सावरली की रुग्णाला एकदम साध्या वॉर्डात पाठवीत नाहीत. मधल्या एका कक्षात आणतात. आम्ही त्याला ‘स्टेप-डाऊन’ म्हणतो, म्हणजे जिन्याची मधली पायरी. नातेवाईकांना वाटते, संकट टळले. कुणी पेढेही आणतो. नव्या नर्सला मात्र सर्वांत जास्त धास्ती असते ती याच कक्षाची. वरच्या कक्षात प्रत्येक धोक्याला घंटा वाजते. येथे रुग्ण बोलतो, हसतो, चहा मागतो, आणि धोका पावले न वाजवता येतो.

पहिल्याच आठवड्यात आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी बजावले, “आधी माणूस बघ, मग कागद.” त्याचा अर्थ हळूहळू उमगत गेला. बरगड्या मोडलेला माणूस दुखते म्हणून अर्धाच श्वास घेतो, खोकला दाबतो. मग कफ साठतो आणि चौथ्या दिवशी न्यूमोनिया दाराशी उभा राहतो. म्हणून वेदनेचे औषध वेळेवर देणे ही चैन नसून उपचारच असतो. श्वास मोजायचे ते पुरे एक मिनिट, आणि रुग्णाला कळू न देता. कळले की तो श्वास बदलतो. मांडीचे हाड मोडलेला रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विनाकारण बेचैन झाला, धापा टाकू लागला, तर हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात गेली असेल, हे मनात यावे लागते. ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलायची. पाठीवर एकदा जखम झाली की ती महिनोन्महिने छळते.

काही दुखणी औषधाने हटत नाहीत. एक आबा रोज पहाटे म्हणत, “बेटा, मना पाय दुखस.” तो पाय गुडघ्याच्या वरून काढलेला होता. पाय गेला तरी मेंदूत त्याची जागा शाबूत असते, म्हणून ती वेदना खरीच असते. “आबा, पाय आता नाही” असे सांगण्यात शहाणपण नव्हते. “कुठे दुखतो?” म्हणून विचारायचे आणि डॉक्टरांना तसे कळवायचे. माझ्या पुस्तकात हे दोन ओळींत होते. आबांच्या खाटेशी मात्र त्याला अर्धी पहाट लागे.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगितला पाहिजे. मोटारसायकलवरून पडलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आमच्याकडे होता. डोक्याला मार होता, पण शुद्ध छान होती. डोक्याच्या दुखापतीत शुद्धी मोजण्यासाठी ग्लासगो शहरातील टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ साली एक मापपट्टी प्रसिद्ध केली. डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण मिळून कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. हा मुलगा दोन दिवस पंधराला पंधरा होता. संध्याकाळी मी पुन्हा तपासले. पंधरा. बाहुल्या सारख्या, नाडी ठीक. कागदावर सर्व उत्तम.

तेवढ्यात त्याची आई हळूच म्हणाली, “सिस्टर, आज तो डाव्या हाताने खिचडी खातोय.”

आपल्याकडे उजव्या हाताचा माणूस डाव्या हाताने जेवत नाही. मी त्याला डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात समोर धरायला सांगितले. डावा स्थिर राहिला. उजवा वळत वळत हळूहळू खाली आला. त्या मापपट्टीत हालचालीचे गुण ज्या बाजूची हालचाल उत्तम तिचे देतात. म्हणून एका बाजूची कमजोरी त्या पंधरांत दिसतच नाही. मी डॉक्टरांना बोलावले. सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या आत डाव्या बाजूला रक्त साठलेले निघाले. रात्रीच शस्त्रक्रिया झाली. बारा दिवसांनी तो स्वतःच्या पायांनी घरी गेला. मला शाबासकी मिळाली. खरे तर ती त्या माउलीची होती. तिला अक्षरओळख नव्हती, पण मुलगा वाचता येत होता.

या कक्षातला दुसरा मोठा आजार पैशाचा. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ता-अपघातातील जखमींसाठी रोकडविरहित उपचारांची योजना लागू केली : दीड लाख रुपयांपर्यंत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत. फार मोलाची गोष्ट आहे. परंतु मोडलेले हाड आठव्या दिवशी जुळत नाही. रोजंदारीवरचा माणूस आमच्या खाटेवर पडल्यापडल्या बोटांवर दिवस मोजतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद वेळेवर झाले की त्याचा चेहरा बदलतो. म्हणून नर्सने शिधापत्रिकेचीही चौकशी करावी, असे मी शिकले.

वाचकांना एक विनंती. वाटेत अपघात दिसला तर १०८ ला कळवा. पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती नको, कारण २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. आणि आपले माणूस आमच्या कक्षात असेल, तर तुम्हाला जाणवलेली बारीकशी गोष्टही संकोच न करता सांगा : आज तो नेहमीसारखा बोलत नाही, आज त्याने चहा नको म्हटला, आज त्याने हात बदलला. आमची त्याची ओळख चार दिवसांची. तुम्ही त्याला जन्मापासून पाहत आला आहात. ‘उपचार सुरू आहेत’ त्यात तुमचे पाहणेही धरलेले आहे.