लहान मुलांची शौचाची सवय : पालकांशी चार शब्द

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा असावा, मान्यवरांचे संदेश असावेत, शिक्षण आणि चारित्र्य यांवर लेख असावेत, हे रीतीला धरूनच आहे. त्या पंक्तीत लहान मुलांच्या शौचाच्या सवयीवरील लेख पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील. परंतु हा विषय आम्ही जाणूनबुजून निवडला आहे. मूल शाळेत येते तेव्हा दप्तराबरोबर आपले पोटही घेऊन येते. वर्गात सारखी चुळबुळ करणारे, डबा तसाच परत नेणारे, पाणी नको म्हणणारे मूल पुष्कळदा अभ्यासाला कंटाळलेले नसते. ते शौच रोखून बसलेले असते. विचारले तर सांगत नाही. कारण या गोष्टीविषयी बोलायचे नसते, हे त्याला आपण मोठ्यांनीच शिकविलेले असते.

भीती येते कोठून?

दीड-दोन वर्षांच्या मुलाला आपल्या मळाची किळस नसते. आपल्या शरीरातून निघालेली ती आपलीच एक वस्तू, अशी त्याची समजूत असते आणि कधी कधी ते ती कौतुकाने दाखवावयासही येते. किळस ते मोठ्यांच्या चेहऱ्यावरून शिकते. आपल्या मराठी भाषेत तर एक गमतीची अडचण आहे. लहान मुलांच्या बोलीत मळाला 'शी' म्हणतात आणि किळस आली म्हणजेही आपण 'शी!' असेच म्हणतो. दखनी बोलणाऱ्या घरांतील 'छी-छी'ची कथाही तीच. सकाळी 'चल बाळा, शीला बस' असा लाडाने आलेला शब्द दुपारी चड्डी खराब झाली की नाक मुरडून कानी पडतो. शब्द एकच असल्याने मूल त्याचा अर्थ असा लावते की, आपण काही वाईट केले, किंबहुना आपणच वाईट आहोत.

मळ घाण आहे. मूल घाण नाही. या लेखात आम्हाला सांगावयाचे आहे ते एवढेच. पुढील विवेचन या एका वाक्याचा विस्तार आहे.

शरीराची तयारी

आपल्याकडील आजीची, दादीची जुनी रीत सर्वांच्या परिचयाची आहे. ती पाय लांब करून बसते, तान्ह्या बाळाला आपल्या दोन्ही पावलांवर टेकविते आणि तोंडाने 'स्स्, शू शू' असा आवाज करते. काही दिवसांत त्या आवाजाची आणि त्या बैठकीची बाळाला ओळख पटते. पूर्व आफ्रिकेतील डिगो लोकांमध्येही अशीच रीत आहे आणि तिच्यावर 1977 साली वैद्यकीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध झाला आहे. याउलट अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. ब्रेझल्टन यांनी 1962 साली आपल्या देखरेखीखालील 1,170 मुलांचा अभ्यास मांडला. मुलाची स्वतःची तयारी दिसेपर्यंत थांबावे आणि मग त्याच्या कलाने घ्यावे, असा त्यांचा सल्ला होता. त्या मुलांना दिवसाचा ताबा सरासरी अठ्ठावीस महिन्यांच्या सुमारास आला.

या दोन पद्धती दोन टोकांच्या दिसतात. एकीत बाळाच्या हालचाली ओळखणारी माणसे दिवसभर जवळ असतात, दुसरीत मुलाच्या वाढीची वाट पाहिली जाते. परंतु बळजबरी दोहोंतही नाही. वेळ साधून बाळाला बसविणे निराळे आणि मुलाने स्वतःहून रोखणे व सोडणे निराळे. हा दुसरा ताबा मज्जातंतू व स्नायू यांची वाढ झाल्यावाचून येत नाही. ती तयारी साधारणपणे दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान दिसू लागते. मूल दोन-दोन तास कोरडे राहते, उकिडवे बसून आपले आपण उठते, सोपे सांगणे ऐकते, चड्डी खाली ओढू पाहते, कोपऱ्यात जाऊन तोंड लाल करते. ही चिन्हे दिसली की आरंभ करावा. तिसऱ्या वर्षाच्या आगेमागे बहुतेक मुले दिवसा स्वच्छ राहू लागतात. रात्रीचा ताबा त्यानंतरचा असतो. पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओले होणे हा रोग नव्हे आणि खोडी तर नव्हेच. शेजारच्या घरातील मूल आधी शिकले म्हणून आपल्या मुलाला कमी लेखण्याचे कारण नाही.

रोखण्याचे दुष्टचक्र

आजीच्या पायांवर बाळ निर्धास्त असते, कारण तेथे ऊब आणि आधार असतो. अडचण येते ती तेथून उतरून संडासात जाताना. दार लावलेली अंधारी खोली, मोठ्यांच्या मापाचे भांडे, मध्ये खोल भोक आणि वरून धो धो पाणी! आपण आत पडू, असे मुलाला वाटले तर नवल नाही. त्यातच एखाद्या दिवशी मळ कडक होतो व दुखते. मग मूल पाय आवळून धरते, चवड्यांवर उभे राहते, पडद्याआड लपते. पाहणाऱ्याला वाटते, ते जोर करीत आहे. खरे पाहता ते रोखीत असते.

यापुढे शरीराचा नियम आपले काम करतो. मोठे आतडे मळातील पाणी शोषून घेते. मळ जितका अधिक वेळ आत राहील तितका तो कडक व मोठा होतो आणि बाहेर येताना अधिक दुखतो. दुखले म्हणून मूल पुन्हा रोखते. असे आठवडेच्या आठवडे चालले म्हणजे गुदाशय ताणला जातो व 'आता लागली' ही संवेदनाच बोथट होते. मग कडक गोळ्याच्या बाजूने पातळ मळ झिरपून चड्डी खराब होते आणि मुलाला त्याचा पत्ताही नसतो. पालक समजतात, हगवण लागली, आणि जुलाब बंद करण्याचे औषध देतात. किंवा समजतात, एवढे मोठे पाच वर्षांचे मूल मुद्दाम करते, आणि मार देतात. दोन्ही उपायांनी रोग वाढतो. ज्याचा ताबा मुलाच्या हाती उरलेला नाही त्यासाठी त्याला शिक्षा करणे हा अन्याय आहे. अशा मुलाला डॉक्टरांकडे न्यावे आणि उपचार काही आठवडे, प्रसंगी काही महिने, नेटाने चालू ठेवावे. मळात रक्त दिसणे, पोट फुगणे, वारंवार उलट्या होणे, वजन न वाढणे किंवा जन्मापासूनच मलावरोध असणे, यांपैकी काही आढळल्यास एक दिवसही दवडू नये.

घरगुती उपायांपैकी एरंडेलात बुडविलेला विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची सळी आत घालणे आणि दर आठवड्याला बळेच एरंडेल पाजणे, हे प्रकार आता सोडावेत. त्याने एक दिवसाचे काम होते, पण मुलाची भीती दुणावते.

घरी काय करावे?

पहिली गोष्ट वेळेची. जेवण पोटात गेले की मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते. म्हणून न्याहारीनंतर किंवा जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी मुलाला पाच मिनिटे बसवावे. झाली तर ठीक, न झाली तरी ठीक. निपाणीसारख्या गावी पहाटे स्वयंपाक उरकून तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या किंवा घरी विड्यांचा हिशेब पुरा करणाऱ्या आईला सकाळी पाच मिनिटेही जड जातात, हे आम्ही जाणतो. तिने रात्रीच्या जेवणानंतरची वेळ धरावी. वेळ कोणतीही चालेल, ती रोजची असावी आणि घाईची नसावी.

दुसरी गोष्ट जागेची. आरंभी अंगणात किंवा न्हाणीत लहान भांडे ठेवावे. संडासात नेताना दिवा लावावा, दार उघडे ठेवावे, मुलाचा हात धरावा. खुर्चीसारखा कमोड असेल तर पायांखाली पाट किंवा लाकडी ठोकळा द्यावा. पाय लोंबकळत राहिले तर जोर करता येत नाही. टमरेलाने पाणी ओतण्याचे काम मुलालाच द्यावे. ज्या पाण्याच्या आवाजाला ते भीत होते ते पाणी त्याच्या हाती आले की भीती निम्मी होते.

तिसरी गोष्ट अन्नाची. ज्वारीची भाकरी, वरण, मेथी, शेपू, लाल माठ, पेरू, पपई आणि दिवसभर थोडे थोडे पाणी, एवढ्याने बहुतेक मुलांचा मळ मऊ राहतो. चहात बुडविलेली खारी-बिस्किटे हे मुलाचे जेवण नव्हे. जेवणाऐवजी दिवसभर दूधच पीत राहणाऱ्या मुलालाही मलावरोध होतो. वर्षावरील मुलाला दिवसाला अर्धा लिटर दूध पुष्कळ झाले.

चौथी गोष्ट बोलण्याची. कपडे खराब झाले तर 'असू दे, धुऊन टाकू' एवढेच म्हणावे. पाहुण्यांपुढे, भावंडांपुढे तो विषय काढून हसू नये.

सीमाभागातील मुलाची विशेष अडचण

आपल्या बेळगाव-निपाणी भागातील मुलापुढे आणखी एक अडचण उभी राहते आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. घरी ते 'पाखाना' म्हणते, शेजारी 'शी' म्हणतात, आणि अंगणवाडीत गेले तर तेथील बाई कानडी असू शकतात. त्यांच्या घरातील मुले 'कक्का' म्हणतात. साडेतीन वर्षांच्या मुलाला घाई लागली असता नेमका शब्द सापडत नाही, आणि सापडला तो बाईंना कळत नाही. कपडे खराब होतात, इतर मुले हसतात आणि दुसऱ्या दिवसापासून ते अंगणवाडीचे नावच काढू देत नाही. उपाय अगदी सोपा आहे. अंगणवाडीत घालण्यापूर्वी मुलाला या एका गोष्टीसाठी तिन्ही भाषांतील शब्द खेळता खेळता शिकवावेत आणि घरातील शब्द बाईंच्या कानावर घालावा. पाढे नंतर येतील. हा शब्द आधी आला पाहिजे.

शाळेत पूर्वापार एक बोट आणि दोन बोटे दाखविण्याची, 'एकी' आणि 'दुकी'ची रीत आहे. ती चांगली आहे, पण बोट वर केल्यावर परवानगी मिळाली पाहिजे. पहिली-दुसरीच्या मुलाला 'सुट्टीत जा' असे सांगणे म्हणजे त्याला रोखावयास शिकविणे होय. शाळेत मुले व मुली यांच्यासाठी वेगळी स्वच्छतागृहे असावीत, असे 2009 चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. तेथे पाणी आहे का आणि दाराला आतून कडी आहे का, हे पालकांनी शाळेत आल्यावर स्वतः पाहावे. मुली अशा जागी जावे लागू नये म्हणून पाणी पिणेच सोडतात आणि मग मूत्रमार्गाचे विकार जडतात.

पाकी आणि प्रेम

किळस वाटू द्यायची नाही म्हणजे स्वच्छता ढिली करावयाची, असा अर्थ कोणी घेऊ नये. तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. हगवण, जंत, कावीळ यांचा प्रसार लहान मुलांच्या मळातूनही होतो. पोलिओ असाच पसरत असे. आपला देश 2014 साली त्यातून मुक्त जाहीर झाला. म्हणून बाळाची शी उकिरड्यावर किंवा गटारात न टाकता संडासातच टाकावी आणि साबणाने हात धुवावेत. मुलींना पुढून मागे धुण्याची सवय लावावी.

इस्लाममध्ये पाकीला श्रद्धेचाच एक भाग मानले आहे आणि तहारतचे नियम आमच्या घरांत मुलांना लवकर सांगितले जातात. ते सांगताना पैगंबरसाहेबांचे वर्तनही सांगावे. एका बाळाने त्यांच्या कपड्यांवर लघवी केली तेव्हा त्यांनी पाणी मागवून त्यावर ओतले. एका खेडवळ माणसाने मशिदीतच लघवीस सुरुवात केली आणि लोक त्याच्यावर धावले, तेव्हा त्यांनी लोकांनाच थांबविले, त्या माणसाचे पुरे होऊ दिले आणि मग जागेवर बादलीभर पाणी ओतावयास सांगितले. जागा पाक झाली आणि माणसाचा अपमानही झाला नाही.

हीच दृष्टी बालशिक्षणातही आली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा मुलांची अंगस्वच्छता हा त्यांनी शिक्षणाचाच भाग मानला. मळकट मुलाला त्यांनी दारातून परत पाठविले नाही.

आपल्या ट्रस्टसारख्या संस्था शाळांना फळे, बाके, वह्या देतात. त्याबरोबर बालवर्गासाठी लहान मापाचे, उजेडाचे, पाण्याची सोय असलेले एक शौचालय बांधून दिले तर ते दान नावाच्या पाटीवाचूनही मुलांच्या ध्यानात राहील. आणि ज्यांच्याकडे देण्यास पैसा नाही त्यांनी घरातील मुलाला रोजची पाच मिनिटे द्यावीत. पोट साफ असलेले, मनात भीती नसलेले मूल आमच्या वर्गात आले की पुढचे काम आमचे.